उभ्याने केलेली इस्त्री

"बसून भाजी निवडावी, बसून पोर थोपटावं, फार तर बसल्या बसल्या मरावं. पण इस्त्री? इस्त्री बसून करतात होय गं कुणी?"

मोठ्याबाईंनी हा सवाल केला सुनेला. ती बिचारी चहाचा कप घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिने आयुष्यात इस्त्रीला हात लावला नव्हता, बसून नाही आणि उभ्यानेही नाही. पण लोकांच्या घरी लेकी बोले सुने लागे असतं, या घरात ते उलटं होतं. बोलणी खायची सुनेने आणि ती लागायची लेकीला. जिन्याखालीच लाँड्री होती, आणि मोठ्याबाईंचा आवाज भट्टीच्या धगीसारखा, कुठूनही निघाला तरी सगळीकडे पोचायचा.

"आई, चहा गार होतोय," सून म्हणाली.

"होऊ दे. या घरात सगळंच गार व्हायला लागलंय."

थोरली बसून इस्त्री करते, हे मोठ्याबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते ऐकलं होतं. गुडघे गेल्यापासून त्यांचा मुक्काम वरच्या खोलीत. पण लाकडी जमिनीतून खालचं सगळं कानावर येई. धुलाईच्या यंत्राची घरघर, वाफेची फुसफुस, गिऱ्हाइकांची कुरकुर, धाकट्या लेकाचं मोटारीत गाठोडी टाकणं. आणि या सगळ्यांत एक आवाज असा, की तो त्यांना झोपेतही वेगळा काढता आला असता. खट, घसट. खट, घसट. खट म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर बांधलेला पाय टेकला. घसट म्हणजे चांगला पाय मागून आला. थोरली घरात कुठे आहे, रागात आहे की मजेत, हातात ओझं आहे की हात हलवत निघालीय, हे त्या आवाजावरून कळायचं. पोरीचा बाप तिला हाकच 'खटू' अशी मारायचा.

तो आवाज हल्ली दुपारचा बंद पडू लागला होता. वाफेची फुसफुस चालू, पण खट नाही की घसट नाही. म्हणजे इस्त्री चाललीय आणि पाय थांबलेत. मोठ्याबाईंनी सुनेला आडून आडून विचारलं. सून म्हणाली, मला बाई काही माहीत नाही. याचा अर्थ तिला सगळं माहीत होतं. मग एका दुपारी त्या कठडा धरून, पायरी पायरी शिव्या घालत खाली उतरल्या. बघतात तर काय, थोरली एका उंच स्टुलावर बसून शर्टाची बाही फिरवतेय!

त्यांच्या लाँड्रीत स्टूल!

तिथे कधीच बसायला काही नव्हतं. गिऱ्हाइकालासुद्धा नाही. "गिऱ्हाईक बसलं की गप्पा मारतं आणि कामगार बसला की घोरतो," असं म्हणून मोठ्याबाईंनी लग्न होऊन आल्याच्या वर्षीच नवऱ्याच्या दुकानातलं बाकडं विकून टाकलं होतं. नवरा मऊ माणूस. तो म्हणाला, "अगं, दमतात गं माणसं." त्यावर त्या म्हणाल्या, "दमली तर घरी जातील, घरी खाट असते." शाळेची पायरी चार दिवस चढल्या असतील नसतील, पण धंदा त्यांनी असा उभा केला, की गावातल्या मोठमोठ्या लोकांच्या गळ्याभोवती त्यांची कॉलर असायची.

त्या जुन्या दिवसांची एक गंमत होती. भट्टीवर उकळणाऱ्या पाण्याचा, सोड्याचा, खळीचा मिळून एक वास असायचा. तो केसांत बसायचा, उशीत उतरायचा. इस्त्रीचं टेबल म्हणजे भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली एकच लांबलचक फळी, वर जाड कापड ताणून बसवलेलं. सकाळी खिडकीतून ऊन आलं की त्या पांढऱ्या कापडावर झोपायचं. थोरली तेव्हा दोन पायांची होती. टेबलाखालून पळायची, ओल्या चादरींच्या रांगांत लपायची आणि चादरीआडून बापाला 'भ्वॉक' करायची. बाप रोज तेवढाच दचकायचा.

मग तो उन्हाळा आला.

आजार गावात आधीच शिरला होता, पण तो दुसऱ्याच्या घरी होता तोवर त्याचं नाव घ्यायचीही लोकांना भीती. पोहण्याचा तलाव बंद झाला. बाग ओस पडली. आया पोरांना खिडकीशीही जाऊ देईनात. थोरलीला ताप आला, मान आखडली, आणि एका सकाळी ती बिछान्यातून उतरायला गेली ती सरळ जमिनीवर. एक पाय धुवून पिळलेल्या कपड्यासारखा लोंबत होता. दुसरा कसाबसा हलत होता.

इस्पितळात तापाच्या वॉर्डात तिला ठेवली. तिथली एक पोक्त नर्स मोठ्याबाईंच्या जन्मभर लक्षात राहिली. ती बाई लोकरीच्या ब्लँकेटच्या पट्ट्या उकळत्या पाण्यात बुडवायची, पिळून कोरड्या करायची आणि तशाच वाफाळत्या पोरांच्या पायांना गुंडाळायची. आखडलेले स्नायू त्याने सैल पडत. पण पोरं फार, आणि तिचे हात दोनच. पट्ट्या पिळून पिळून तळव्यांची सालं निघालेली. मोठ्याबाईंनी ते पाहिलं आणि पदर खोचला.

"सरका बाजूला. पिळायचं काम तुम्ही नका शिकवू आम्हाला."

पोरीला घरी आणल्यावर तर लाँड्रीचंच इस्पितळ झालं. भट्टी होतीच, पिळायचं यंत्र होतं, ब्लँकेटं होती. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पट्ट्या उकळत. पोरगी किंचाळायची, बाप यंत्राचा दांडा फिरवता फिरवता रडायचा, आणि मोठ्याबाई दोघांनाही दटावायच्या.

भट्टीवर तेव्हा चार माणसं होती. त्यांतली दोन आजाराच्या धसक्याने एकाच दिवशी निघून गेली. गिऱ्हाइकंही गळाली. ज्या घरात पोलिओ शिरला, त्या घरी कोण कपडे टाकणार? मग इस्पितळाच्या माणसाने येऊन विचारलं, वॉर्डाचे कपडे, लोकरीच्या पट्ट्या, चादरी धुवाल का? गावात दुसरं कुणी हात लावायला तयार नाही. मोठ्याबाई म्हणाल्या, "आणा. पाऊस घरात शिरून गेलाय, आता छत्री कशाला उघडायची?" अशी लाँड्री तरली. चौघांचं काम दोघं करू लागली. नवरा दोन माणसांचा दांडा एकट्याने ओढायचा. तसाच तो कित्येक वर्षं ओढत राहिला. आणि एक दिवस, काही होत नाही, काही होत नाही म्हणता म्हणता, त्या यंत्राशीच खाली बसला तो उठलाच नाही. पण ते पुढचं.

आधी पोर चालली. पोक्त नर्सने सांगितलं होतं, "पायाला काम द्या. ज्या स्नायूला काम नाही तो मेला समजा." मोठ्याबाईंना तेवढंच हवं होतं. काम द्यायला सांगणारी माणसं त्यांना नेहमीच शहाणी वाटत आली होती. लोखंडी कॅलिपर आला, जाड तळाचा बूट आला. पोरीला त्यांनी इस्त्रीच्या टेबलाच्या एका टोकाशी उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाशी जाऊन इस्त्री हातात घेतली.

"ये."

"मी पडेन."

"पडशील. मग उठशील. मग येशील."

घरात एकच कायदा केला: तिच्या हातून पडलेलं कुणी उचलायचं नाही. चमचा असो, पेन्सिल असो, नाही तर ती स्वतः असो. बाप एकदा चोरून खडू उचलून देताना सापडला. त्याला दोन दिवस बिनसाखरेचा चहा मिळाला. पोरगी टेबलाची कड धरून यायची. कितीतरी महिने ती त्या कडेवरून चालली. जिथे जिथे तिची बोटं आवळायची तिथलं लाकूड गुळगुळीत झालं. मग एक दिवस टेबल संपलं तरी ती चालत राहिली. खट, घसट. पार दरवाजापर्यंत. मोठ्याबाईंनी मान वर केली नाही. कॉलरवर इस्त्री फिरवत एवढंच म्हणाल्या, "दार लावून घे येताना, वारा येतोय." पण त्या दिवशी एका शर्टाची कॉलर जळाली, आणि शर्ट कुठे गेला म्हणून गिऱ्हाईक आजवर विचारतंय.

लस आली ती त्या उन्हाळ्याच्या पुढच्या वर्षी.

शाळेच्या मोठ्या खोलीत सगळं गाव रांगेत उभं होतं. टेबलावरच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, सगळं मोठ्याबाईंच्याच हातचं. साखरेच्या चौकोनी खड्यावर गुलाबी थेंब पाडायचा आणि तो खडा पोराच्या जिभेवर. सुई नाही, रडारड नाही. ज्या बाया वर्षभर मोठ्याबाईंच्या दारावरून नाकाला पदर लावून गेल्या, त्याच आज पोरांना पुढे ढकलत होत्या. मोठ्याबाईंच्या कडेवर धाकटा होता, आणि हाताशी थोरली. धाकट्याने खडा चोखला आणि दुसरा मागितला. डॉक्टरांनी मग थोरलीकडे बघून म्हटलं, "हिलाही द्या."

मोठ्याबाईंचं डोकंच सणकलं. "हिला? आता? घर जळल्यावर बंब आणलात का? वरातीमागून घोडं नाचवायची हौस असेल तर दुसरीकडे नाचवा."

डॉक्टर समजुतीने म्हणाले, "बाई, या आजाराच्या तीन जाती आहेत. एक येऊन गेली म्हणून बाकीच्या दोन येणार नाहीत असं नाही. तिचा एक पाय अजून चांगला आहे, दोन हात आहेत. ते राखायला नकोत?"

मोठ्याबाई काही बोलायच्या आत थोरलीने तोंड उघडून जीभ बाहेर काढली. खडा विरघळू दिला. मग म्हणाली, "आई, गोड आहे. तू उगाच भांडतेस."

बाहेर आल्यावर मोठ्याबाई शाळेच्या भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभ्या राहिल्या. एकाच उन्हाळ्याचा फरक. गोडाचा एक खडा. मग पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, "चला, भट्टी विझेल."

त्यानंतरची गोष्ट सगळ्या गावात मोठ्याबाईंना आधी कळली. वर्तमानपत्र त्यांना धड वाचता येत नव्हतं, पण गाठोडं वाचता यायचं. तापाच्या वॉर्डातून उन्हाळ्यात लोकरीच्या पट्ट्यांची गाठोडीच्या गाठोडी यायची. लसीच्या पुढच्या उन्हाळ्यात ती निम्मी झाली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दोन हातांत मावतील इतकीच. नवऱ्याला त्या म्हणाल्या, "धंदा बसतोय बघ," आणि स्वतःशीच हसल्या. मग एका उन्हाळ्यात इस्पितळाचं गाठोडं आलं, त्यांनी गाठ सोडली, चादरी निघाल्या, पडदे निघाले, अभ्रे निघाले. त्यांनी तळापर्यंत उपसलं, पुन्हा उपसलं. लोकर नाही. एक चिंधीसुद्धा नाही.

आणि मोठ्याबाई, भर कामाच्या वेळी, त्या उघड्या गाठोड्यावर मटकन बसल्या.

थोरली तेव्हा टेबलाशी रुमालांच्या घड्या घालत होती. तिने आईला बसलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं. घाबरून ती खटखट करत आली. "आई, काय होतंय?"

"काही नाही होत," मोठ्याबाई म्हणाल्या. "तेच तर. काहीच नाही होत."

* * *

आता इतक्या वर्षांनी त्याच टेबलाशी स्टूल आलं होतं. थोरलीचे केस पांढरे झाले होते. लग्न तिने केलं नाही. "लाँड्रीशी केलंय," म्हणायची. बाप गेल्यावर दुकान तिनेच चालवलं. यंत्रं बदलली, भट्टी गेली, टेबल तेवढं ठेवलं. उभ्याने काम करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि मोठ्याबाईंच्या सगळ्या आयुष्याची मिजास त्या एका गोष्टीवर उभी होती. कुणी नवीन माणूस भेटलं की त्या सांगायच्या, "डॉक्टर म्हणाले होते खाटेवर राहील. माझी लेक दिवसभर उभी असते."

म्हणून तर स्टूल बघून त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्या दिवसापासून रोज जिन्यावरून तोफा सुटू लागल्या. बसून केलेली इस्त्री झोपते. बसलेल्या हाताला वजन नसतं. कॉलर बोलते, मला लांबून कळतं.

शेवटी थोरलीची सहनशक्ती संपली. एका दुपारी ती दोन पांढरे शर्ट हँगरला लावून वर आली. मोठ्याबाईंनी जिन्यावरचा आवाज ऐकला. खट, घसट. मग काहीच नाही. मग खट. मग पुन्हा मोठी शांतता, आणि भिंतीला हात घासल्याचा आवाज. ही पोरगी जिन्यात थांबत नसे कधी.

"यातला एक मी बसून केलाय आणि एक उभ्याने," थोरली धापा टाकत म्हणाली. "तुला लांबून कळतं ना? आता जवळून सांग."

मोठ्याबाईंनी चष्मा लावला. कॉलर पाहिली, कफ पाहिले, खांद्याची शिवण उजेडात धरली, बटणपट्टीवरून अंगठा फिरवला. मग एका शर्टाला बोट टोचून विजयाने म्हणाल्या, "हा! हा बसून केलेला. बघ कशी आळसावलीय कॉलर."

"तो उभ्याने केलाय," थोरली म्हणाली.

सून दारात होती, ती घाईघाईने पडदा नीट करायला लागली.

"माझे डोळे गेलेत."

"डोळ्यांचं ऑपरेशन झालंय तुझं. मुंगीच्या मिशा मोजतेस."

"मग उजेड वाईट आहे!"

थोरली हसली, पण हसता हसता तिच्या हातातून एक हँगर निसटला आणि शर्टासकट जमिनीवर पडला. मोठ्याबाई सवयीने वाट बघत राहिल्या. आता ती टेकू घेईल, कॅलिपरचा गुडघ्याचा खटका सोडेल, तिरकी वाकेल आणि उचलेल. हजारदा पाहिलेलं. थोरलीने खाली बघितलं. नुसतं बघितलं. मग म्हणाली, "राहू दे. धाकटा येईल, तो उचलेल." आणि भिंत धरून निघून गेली.

शर्ट जमिनीवर पडून राहिला. सून उचलायला वाकली तशा मोठ्याबाई ओरडल्या, "हात लावू नकोस!" मग वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "कधीपासून चाललंय हे?"

सुनेने मग सगळं सांगितलं. वन्संचा चांगला पाय रात्रंदिवस दुखतो. हातातून वस्तू पडतात. दुपारी त्या मागच्या खोलीत गाठोड्यांवर आडव्या होतात, आणि तुम्हाला सांगू नका म्हणून माझ्याकडून शपथ घेतलीय. डॉक्टरकडे चला म्हटलं तर येत नाहीत.

"येत नाही? कशी येत नाही बघते," मोठ्याबाई म्हणाल्या. "माझी चप्पल काढ."

* * *

डॉक्टरीण नातीच्या वयाची होती. तिने थोरलीचे पाय, हात, खांदे एवढ्या कौतुकाने तपासले की मोठ्याबाई म्हणाल्या, "जुनं नाणं सापडल्यासारखं काय बघता?"

"आजी, खरं सांगू? मी शिकत होते तेव्हा पोलिओचा ताजा रोगी एकही पाहिला नाही. पुस्तकात फोटो होता."

"आम्ही पाहिलाय," मोठ्याबाई म्हणाल्या. त्या आवाजात जरा तोराच होता. "बरं, हिला टॉनिक काय ते द्या आणि चालायला सांगा. तुमच्यासारख्याच एकीने सांगितलं होतं, पायाला काम द्या म्हणून."

"तेव्हा ते बरोबरच होतं, आजी. तुम्ही चालवलंत म्हणून या चालल्या." डॉक्टरीण खुर्ची पुढे ओढून बसली. "पण झालंय असं, की त्या आजारात स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या बऱ्याच पेशी मेल्या. ज्या वाचल्या त्यांनी मेलेल्यांचं काम अंगावर घेतलं. इतकी वर्षं त्या दुप्पट, तिप्पट काम करत आल्या. आता त्या थकल्यात. पोलिओ परत आलेला नाही. पण जितकं जास्त राबवाल, तितक्या लवकर उरलेल्याही जातील. पाय तर जाईलच. हातही जातील."

मोठ्याबाईंना नवरा आठवला. चौघांच्या भट्टीवर दोघं. पिळायच्या यंत्राचा दांडा. काही होत नाही, काही होत नाही.

"उपाय काय?" त्यांनी विचारलं.

"विश्रांती. काम बसून करायचं. आणि हिंडाफिरायला चाकाची खुर्ची. आजपासून घेतली तर हात शेवटपर्यंत चालतील. इस्त्रीसुद्धा करता येईल."

"खुर्ची नको," थोरली पटकन म्हणाली.

"का?"

थोरलीने बुटाच्या टोकाकडे बघितलं. साठीला टेकलेली बाई, गावातली अर्धी माणसं जिला घाबरतात, ती खडू पडल्यावर बापाकडे चोरून बघायची तशी दिसली. "आमच्या घरात नाही चालायचं ते," ती म्हणाली. "आईला..." आणि पुढचं तिने गिळलं.

डॉक्टरीण मोठ्याबाईंकडे बघू लागली. थोरलीही बघू लागली. मोठ्याबाईंनी पदराने चष्मा पुसला आणि त्या दाराकडे वळल्या. परतीच्या वाटेवर धाकटा मोटार चालवत होता. त्याने दोनदा आरशात बघितलं, आई आजारी तर नाही ना म्हणून.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी लाँड्रीत करवतीचा आवाज येत होता.

थोरली मागच्या खोलीतून येईतो अर्धं काम झालं होतं. सुतार जमिनीवर पालथा पडून इस्त्रीच्या टेबलाचे पाय कापत होता. मोठ्याबाई काठी टेकून त्याच्या डोक्याशी उभ्या होत्या आणि काठीच्या टोकाने खुणा दाखवत होत्या. "सरळ काप रे. माझ्या सासऱ्याने केलंय हे टेबल, त्याने बघितलं तर वरून करवत फेकून मारेल."

धाकटा डोकं धरून उभा होता. "आई, एवढं खाली टेबल? आता मी इस्त्री कशी करायची?"

"वाकून."

"दिवसभर वाकून?"

"देवाने कंबर दिलीय ती पट्टा बांधायला नाही. रांगेत उभं राहून तुला साखरेचा खडा चारलाय मी. दोन्ही पाय घेऊन फिरतोस. थोडं वाकलास तर झिजणार नाहीस."

थोरली टेबलाशी आली. खट, घसट. खट. त्या गुळगुळीत कडेवर तिने हात ठेवला. ती कड आता नको तिथे, मांडीशी आली होती. "आई, हे काय केलंस? हेच धरून चालले मी."

"माहीत आहे. मीच चालवलं."

खिडकीखाली चाकाची खुर्ची होती. धाकट्याने सकाळीच आणलेली, अजून हातांवरचा कागद तसाच. थोरलीने ती पाहिली आणि तोंड फिरवलं. "लोक म्हणतील, हिने शेवटी हार खाल्ली."

"कोण लोक? नाकाला पदर लावणारे? त्यांना माझ्याकडे पाठव."

"आणि तू? तू काय म्हणशील? आयुष्यभर तुझं एकच ऐकत आलेय. उठ, उभी राहा, चल."

सुताराची करवत थांबली. सून जिन्यात थबकली. मोठ्याबाईंनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. मग खिडकीशी गेल्या, खुर्चीच्या हातांवरचा कागद टरकन फाडला, आणि खुर्ची ढकलत टेबलाशी आणली. चाकं रबराची होती. लाकडी जमिनीवर त्यांचा काडीचाही आवाज झाला नाही. त्या शांततेची सवय करावी लागणार, हे मोठ्याबाईंना त्या चार पावलांत कळून चुकलं.

"आठवतं, गाठोड्यात लोकर निघाली नाही तो दिवस?" त्या म्हणाल्या.

"तू बसली होतीस."

"का बसले होते?"

थोरलीचा हात टेबलाच्या कडेवरून फिरत राहिला.

"काम फत्ते झालं होतं म्हणून. मी दमले म्हणून बसत नाही, आणि तूही दमलीस म्हणून बसायचं नाही." त्यांनी खुर्ची थोरलीच्या मागे आणून घट्ट धरली. "ऐक आता. तुला चालवली ते मी बरोबरच केलं. तसूभर चूक नाही त्यात, कुणी म्हणो. चालायचं काम तुला दिलं होतं, ते तू केलंस. माझ्या अपेक्षेपेक्षा चांगलं केलंस. संपलं ते. चाललीस माझ्या हुकमाने, आता बसायची तीही माझ्याच हुकमाने. बैस, खटू. आणि तो काल पडलेला शर्ट मी उचललाय, त्याला पुन्हा इस्त्री कर. बसून."